बाहुलीची आंघोळ

पाणी कितपत गरम आहे ते पाहायला तिनं बेसिनमध्ये कोपर बुडवलं, आणि तेवढ्यात पलंगावरच्या बाईचा डावा अंगठा चादरीवरून सरकताना तिला दिसला. सावकाश, नखाची कड टेकवून, उशीपासून कमरेपर्यंत आणि परत. सुरकुती शोधणारा अंगठा. तिचं कोपर पाण्यातच राहिलं. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओठाचं एक टोक कुणीतरी खाली ओढून ठेवल्यासारखं, डोक्यावरचा तो घट्ट अंबाडा जाऊन उशीवर विस्कटलेली पांढरी विरळ लट, आणि चष्मा नसल्यानं उघडे पडलेले डोळे. इन्चार्ज सिस्टरनं सकाळी कामं वाटताना एवढंच सांगितलं होतं, "खिडकीजवळच्या बाईंचं स्पंज तू कर. झटका आलाय, उजवी बाजू गेलीये, तोंडातून शब्द फुटत नाही. पण समजतं सगळं हं, उगाच त्यांच्या डोक्यावर उभं राहून गप्पा हाणू नका." वॉर्डात माणसं अशीच ओळखली जातात, खिडकीजवळच्या, दाराजवळचे, नळीवाले आजोबा. नाव विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. पण तो अंगठा तिनं कुठंही ओळखला असता. नर्सिंग कॉलेजच्या डेमोन्स्ट्रेशन रूममध्ये तिनं घातलेल्या प्रत्येक चादरीवरून तो असाच फिरला होता, आणि चादर ठीक असली की पलंगाच्या दांडीवर दोनदा टकटक करून पुढच्या मुलीकडे गेला होता. दोनदा टकटक म्हणजे पास. शाबासकी नाही, हसणं नाही. मुली त्या बाईंना मागे इस्त्री म्हणायच्या. अंगावर नजर फिरली की माणूस सपाट व्हायचा.

तिनं कोपर बाहेर काढलं. पाणी कोमट होतं. कोमट म्हणजे आईच्या अंगाइतकं, असं इस्त्रीनंच शिकवलं होतं, आणि हे वाक्य त्या बाईच्या तोंडी कसं आलं असेल याचं तिला तेव्हाही नवल वाटलं होतं.

वर्षभर ती या भेटीची तयारी करत होती. बसमध्ये उभ्या उभ्या, बाळाची दुपटी वाळत घालताना, कणीक मळताना. कधी तिनं इस्त्रीला बाजारात गाठलं होतं, कधी बँकेच्या रांगेत, कधी भर सभेत स्टेजवर. दर वेळी ती सुरुवात अगदी शांत आवाजात करायची, "ओळखलंत का मला?" आणि मग एकेक वाक्य असं ठेवायची, की समोरचीला उत्तर सुचू नये. वाक्यं घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती, की कधी कधी ती चुकून मोठ्यानं निघायची आणि सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कुणाशी गं?" आणि आता ही समोर होती. पण उत्तर न सुचणारी नव्हे, उत्तरच नसलेली. ज्या माणसाला उलट बोलता येत नाही त्याला बोलून काय मिळणार? कुणीतरी आपलं ताट वाढून ठेवावं आणि जेवायला बसताना ते निवून गेलेलं असावं, तसं तिला झालं. तिला चक्क रडू येईलसं वाटलं. रागानं.

इस्त्रीचे डोळे तिच्यावर आले आणि थांबले. ओळखलं. त्यात काही शंका नव्हती.

तिनं टॉवेल बाईंच्या हनुवटीखाली पसरला, पंच्याचा तुकडा पाण्यात भिजवून पिळला, बोटांभोवती गुंडाळला. आणि तोंड उघडलं. वाक्य जिभेवर आलेलंच होतं, हजारदा घोकलेलं, "बाई, मी आता तुमचे डोळे पुसणार आहे. पाणी कोमट आहे." कारण इस्त्रीचा नियमच होता, आधी बोला, मग हात लावा. प्रत्येक वेळी. बेशुद्ध माणूस असला तरी. "आणि मावशी, आजी, काकू काही चालणार नाही," ती म्हणायची. "पेशंट तुमच्या नात्यातला नाही. बाई म्हणा, साहेब म्हणा, तुम्ही म्हणा. ज्याच्या अंगावर कपडा नाही त्याला निदान मान तरी द्या." बाहुलीलाही तुम्ही म्हणावं लागायचं. तान्ह्या बाळाच्या आंघोळीसाठी एक रबरी बाहुली होती, एका डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली, कधी रडत नाही म्हणून मुलींनी तिचं नाव गुणी ठेवलं होतं. त्या गुणीसमोर वाकून मोठाल्या पोरी गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "मी आता तुमचं डोकं धुणार आहे," आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबताना नाकातून आवाज काढायचं. गंमत होती ती. तिलाही गंमत वाटली होती, त्या परीक्षेच्या दिवसापर्यंत.

तिनं तोंड मिटलं. काही न बोलता तिनं इस्त्रीचा डावा डोळा पुसला, नाकाकडून कानाकडे, मग पंच्याची दुसरी कड घेऊन उजवा.

अंगठा चादरीवर जागच्या जागी थांबला.

त्या क्षणी तिला समजलं की ताट निवलेलं नाही. ती कुठलीही चूक करणार नव्हती. पाणी कोमट राहील, टॉवेल कोरडा राहील, बाईंना कुठं गार वारा लागणार नाही. सगळं पुस्तकाबरहुकूम. फक्त बोलायचं नाही. इन्चार्ज सिस्टर येऊन पाहील तर म्हणेल, छान चाललंय. डॉक्टर म्हणतील, छान. या अख्ख्या इमारतीत एकच माणूस असं होतं ज्याला कळणार होतं की इथं काय चाललंय, आणि त्या माणसाला ते कुणाला सांगता येणार नव्हतं. तिच्या पोटात काहीतरी गोड, जड पसरलं. पहिल्या घासासारखं.

परीक्षेच्या दिवशी तिची तान्ही मुलगी सकाळपासून कढत होती. फार नाही, हाताला लागेल इतकी. तिनं औषध पाजलं, सासूबाईंच्या मांडीवर दिली, आणि दारातून दोनदा परत येऊन कपाळाला हात लावला. "जा गं बाई," सासूबाई म्हणाल्या, "पोरं आम्हीही वाढवलीत. तुझ्यासारखं थर्मामीटर घेऊन नाही." नवरा तेव्हाही आजच्यासारखाच कामावर, दुसऱ्या गावी. परीक्षेत मोबाइल इस्त्रीसमोरच्या टोपलीत ठेवायचे असत, आवाज बंद करून. तिची पाळी आली. तिनं गुणीला टबापाशी घेतलं, कोपर बुडवलं, म्हणाली, "मी आता तुमचं तोंड पुसणार आहे." आणि टोपलीत मोबाइल थरथरायला लागला. टोपली वेताची होती, टेबल लाकडी. तो आवाज तिच्या दातांत शिरला. इस्त्रीनं मान तिरकी करून पाहिलं. पडद्यावर 'घर' आलं असणार. थांबला. पुन्हा लागला. तिचे हात गुणीच्या मानेखाली होते. "मॅडम, माझं... " "बाहुलीचं डोकं ओलं आहे," इस्त्री म्हणाली. "ओलं डोकं ठेवून कुठं निघालीस?" तिसऱ्यांदा लागला तेव्हा तिला दूध आलं. तिनं बोलावलं नव्हतं, ते आपोआप आलं, दोन्हीकडून, गरम, अ‍ॅप्रनवर दोन डाग मोठे होत गेले. ती गुणीला धरून उभी होती म्हणून हात आड घेता येईना. इस्त्रीनं चष्म्यावरून पाहिलं आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाहुलीला दूध लागत नाही, बाई."

वर्ग हसला. नाकातून नाही, तोंडानं हसला. तिच्या बाजूच्या मैत्रिणीसुद्धा.

तिनं गुणीचं डोकं कोरडं केलं. मानेच्या वळ्या पुसल्या, बगला पुसल्या, दुपट्यात गुंडाळलं, पायापासून वर, डोकं उघडं राहणार नाही असं. हे तिच्या हातांनी केलं. मोबाइल गप्प झाला होता, आणि तो गप्प होणं हे थरथरण्यापेक्षा वाईट होतं. शेवटी तो तिच्या हाती आला, तिनं घरी फोन लावला, तेव्हा तो शेजारणीनं उचलला. मुलीला तापाचा झटका येऊन गेला होता. डोळे फिरवून, मूठ आवळून, निळी पडून. शेजारणीनंच रिक्षा केली होती. दवाखान्यात ती पोचली तेव्हा मुलगी झोपली होती, हाताला सुई, ओठ सुकलेले. सासूबाई बाकावर होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कुणाचं पोर धूत होतीस गं इतका वेळ?"

आणि ती नापास झाली. आंघोळ नीट घातली होती, पाणी, साबण, दुपटं, सगळं बरोबर होतं. इस्त्रीनं कारण दिलं, "मध्येच बोलणं बंद पडलं. पेशंटशी न बोलता केलेली सेवा म्हणजे भांडी घासणं." वर्ष गेलं. बरोबरच्या मुली पास होऊन टोपीवर पट्टी लावून फिरायला लागल्या, ती मागून आलेल्या पोरींबरोबर बाकावर बसली. इस्त्री त्याच वर्षी निवृत्त झाली. गुच्छ, फोटो, भाषणं. फोटोत ती स्वतः शेवटच्या रांगेत आहे. टाळ्या वाजवतेय.

तिनं बाईंची डावी बाही काढली, मग उजवी. चांगली बाजू आधी मोकळी करायची, लुळी नंतर, घालताना उलट. उजवा हात उचलताना तिनं मनगट आणि कोपर दोन्हीखाली आधार दिला. हात जड होता, आणि गुणीच्या हातासारखाच, ठेवाल तिथं राहणारा. पंचा फिरवला, कोरडा केला. बोटांच्या मधूनही. इस्त्री तिच्या तोंडाकडे पाहत होती, तिच्या हातांकडे नाही, तोंडाकडे, लहान मूल घास येणार म्हणून पाहतं तसं. ओठाचं चांगलं टोक हललं. घशातून एक आवाज आला, "ओ... ओ..." शब्दाचा सांगाडा. तो 'बोल' असेल. तिनं ऐकलं, आणि पाण्यात पंचा बुडवला.

पलंगाभोवतीचा पडदा सरकला आणि टेप आत आली. टेप म्हणजे तिच्या आताच्या वर्गातली, दिवसभर चालू असायची म्हणून टेप. "कूस वळवायला हात लागेल का? सिस्टर म्हणाल्या जा म्हणून. अगं बाई, बाहेर पहिल्या वर्षाची पिलं आलीत, नवी मॅडम फिरवतेय, एक तर नळी बघून आत्ताच पांढरी पडली..." आणि मग तिनं पलंगाकडे पाहिलं. तोंडावर हात गेला. "अगं! ही तर..."

"ऐकू येतं त्यांना."

"देवा." टेप कुजबुजली आणि लगेच मोठ्यानं, घाईघाईनं, "नमस्कार मॅडम! मी, ती, ज्या मुलीला तुम्ही म्हणायचात ना की तुझी जीभ दोरीवर वाळत घाल, ती. बऱ्या व्हाल हं लवकर. आता आम्ही तुम्हाला कुशीवर घेतोय, घाबरायचं नाही." इस्त्रीचे डोळे टेपकडे वळले आणि भरून आले. दोघींनी मिळून तिला कुशीवर घेतलं. टेपनं मग तिच्याकडे पाहिलं. "तू का मुकी झालीस?"

"घसा बसलाय."

"सकाळी चहाला तर बसला नव्हता."

"आता बसला."

टेपनं उशी सारखी केली. तिला त्या परीक्षेची गोष्ट माहीत होती, सगळ्यांनाच होती. "बघ बाई," ती म्हणाली. कुणाला बघ म्हणाली ते कळलं नाही. कुणीतरी बाहेरून हाक मारली आणि ती गेली, आणि जाताना पडदा तिच्या सवयीनं अर्धवटच सोडून गेली. पायाकडे हातभर फट राहिली.

या पडद्याच्या कड्या तुटलेल्या होत्या, तो कधीच पुरता मिटायचा नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थिनीच्या अ‍ॅप्रनवर, घड्याळाशेजारी एक मोठी सेफ्टी पिन लावलेली असायची. ही सवयसुद्धा इस्त्रीचीच. "फट बाहेरच्याला दिसत नसेल," ती म्हणायची, "पण आत जो उघडा पडलाय त्याला फक्त फटच दिसते." बाईंची पाठ उघडी होती. मणके मोजता येतील अशी, कमरेपाशी पलंगानं उमटवलेली लाली, त्याखाली सगळं. बाहेरून पोरींची चाहूल येत होती, नव्या बुटांची करकर, दाबलेलं हसू, नव्या मॅडमचा आवाज, "इकडे या, गर्दी करू नका." इस्त्रीचा चेहरा फटीकडे होता. डावा हात अंगाखाली अडकलेला. तो ओढून बाहेर काढायला ती धडपडली, खांदा हलला, हात निघाला नाही.

तिनं पिन काढली. हातात धरली. पिनेचं टोक उघडं, बोटाला टेकलेलं. दोन पावलं टाकली की झालं असतं. बुटांचा आवाज नळीवाल्या आजोबांपाशी आला. तिला आपल्या अ‍ॅप्रनवरचे ते दोन डाग आठवले. आठवले म्हणजे दिसले नाहीत, जाणवले, ओले, आणि नंतर वर्गातल्या पंख्याखाली गार होत गेलेले. हसण्याचा आवाज किती वेगवेगळ्या उंचीचा होता. बघू देत, तिला वाटलं. एकदा. एकीनं तरी. तिच्याच शिकवणुकीतून पुढे आलेल्या कुणीतरी. बघू देत आणि हसू देत. तिनं पाऊल टाकलं नाही.

बूट फटीसमोरून गेले. पांढऱ्या कपड्यांची एक सर, एक वेणी, एक वही छातीशी धरलेली. कुणीही आत पाहिलं नाही. नवी मॅडम समोरच्या पलंगाबद्दल काही सांगत होती आणि सगळ्या माना तिकडे होत्या. आवाज दाराकडे गेला, बारीक झाला, संपला.

काहीच झालं नव्हतं. पण इस्त्रीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी नाकाच्या दांडीवरून खाली उशीत जात होतं. तिला ती मुद्रा माहीत होती. आतून माहीत होती.

मग तिनं पिन लावली, आता काही उपयोग नसताना. पाणी बदलून आणलं, कोपर बुडवलं. पाठ पुसली, लालीभोवती हलक्या हातानं तेल जिरवलं, टॉवेलनं टिपून कोरडी केली. ओली चादर गुंडाळत काढली आणि कोरडी तिच्यामागून सरकवत आणली, कोपरे दुमडून गादीखाली ताणले. कपडे घातले, लुळी बाजू आधी. बाईंना सरळ केलं, उजव्या हाताखाली उशी दिली, बेल डाव्या हाताशी ठेवली. एक शब्द नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक शब्द नाही. ती बेसिन उचलून मागे सरकली आणि उभी राहिली. का उभी राहिली ते तिला कळलं नाही. परीक्षेत उभं राहायचं असतं.

डावा अंगठा नव्या चादरीवर आला. नखाची कड लावून उशीपासून कमरेपर्यंत गेला. परत आला. कुठंही अडला नाही. मग तो पलंगाच्या दांडीपर्यंत पोचला, वर उचलला गेला, आणि लोखंडावर आवाज आला. टक. थोडं थांबून, टक.

बेसिनमधलं पाणी तिच्या पायावर सांडलं. नाही, तिला ओरडावंसं वाटलं, नाही, मी नापास आहे, तुम्हाला माहितेय मी काय केलं, नापास करा मला! पण इस्त्री खिडकीकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना क्षमा. फक्त थकवा होता, आंघोळ झालेल्या माणसाचा. वर्षभर उपाशी राहून वाढून घेतलेलं ते ताट तिच्या समोरून कुणीतरी उचलून नेलं होतं, आणि जाताना म्हणालं होतं, झालं ना पोटभर.

"छान केलंस," इन्चार्ज सिस्टर दुपारी म्हणाली. "बाई शांत झोपल्यात. उद्यापासून खिडकीजवळच्या तुझ्याकडेच."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मुलगी दारातच होती, पायाला मिठी मारायला. सवयीनं आधी कपाळाला हात लावला. गार. मग मानेला. गार. सासूबाई म्हणाल्या, "तापलेली नाही, तपासलीय मी, आता तूही तपास." तिनं न्हाणीघरात टब भरला, कोपर बुडवलं, मुलीला बसवलं. पंचा भिजवून पिळला. डावा डोळा, उजवा डोळा. कानामागे. मानेच्या वळ्या. मुलगी आधी काहीबाही बडबडत होती, पाणी थापटत होती, "आई, बुडबुड? आई, बुडबुड?" मग ते कमी झालं. मग थांबलं. तिनं बगल पुसली, बोटांच्या मधून पुसलं. हात जिथं ठेवला तिथं राहिला. तेव्हा तिनं वर पाहिलं. मुलगी अजिबात हलत नव्हती. ती तिच्या तोंडाकडे पाहत होती. हातांकडे नाही, तोंडाकडे.

"झोपलात काय गं दोघी?" सासूबाईंनी बाहेरून हाक दिली. "रोज तर गोंगाट असतो. आज आवाज का नाही तुमचा?"

तिनं तोंड उघडलं. सोनू, छकुली, माऊ, रोजच्या शंभर हाका होत्या, त्यातली एकही जागेवर नव्हती. घसा खरोखर बसला होता. तिनं पुन्हा प्रयत्न केला, आणि जे आलं ते स्वच्छ, शांत, पाठ केलेल्या आवाजात आलं.

"बाई," ती म्हणाली, "मी आता तुमची पाठ पुसणार आहे. पाणी कोमट आहे."

मुलीनं टबाची कड धरली, जरा उंच झाली, आणि आई कुणाशी बोलतेय ते पाहायला तिच्या खांद्यावरून मागे डोकावू लागली. ती मागे वळली नाही. पंचा हातात तसाच धरून, मुलगी तिथं कुणाला पाहतेय ते ती मुलीच्या डोळ्यांत शोधत राहिली.